दगड कोणाला म्हणता?

आमच्याकडे मुलाचे गणित चुकले की त्याला दगड म्हणतात. कचेरीतला कारकून दाद देईनासा झाला की तो दगड, आणि लेक सासरी निघताना बापाच्या डोळ्यांत पाणी आले नाही तर त्याच्या काळजाचा दगड. कोणाचा हात दगडाखाली सापडतो, कोणी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो. मराठी माणसाने मूर्खपणा, निर्दयपणा, अडचण आणि दुर्दैव हे सगळे ओझे बिचाऱ्या दगडाच्या डोक्यावर दिले आहे. एकाच ठिकाणी आमच्या भाषेने त्याचा मान राखला. कधी न पुसणारी गोष्ट सांगायची असली की आम्ही म्हणतो, ही काळ्या दगडावरची रेघ. दगडावर उमटलेले पुसत नाही, हे आमच्या वाडवडिलांना ठाऊक होते. ते वाचावेही लागते, एवढेच आम्ही शिकलेली माणसे विसरलो. या विसरण्याविरुद्ध मला आज भांडायचे आहे. दिवाळीच्या अंकात भांडण कशाला, असे कोणी म्हणेल. पण नुसत्या गोडाने फराळ होत नाही. ताटात थोडे तिखट लागतेच.

भांडणाची सुरुवात मी माझ्यापासूनच करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका शाळेत पाहुणा म्हणून गेलो होतो. गुरुजींनी मुलांना घरून काहीतरी 'निसर्गातली वस्तू' आणायला सांगितली होती. कोणी मोरपीस आणले होते, कोणी मोहाची टोळी, कोणी सुगरणीचे घरटे. एका मुलाने पिशवीतून वीतभर लांबीचा एक तांबूस तुकडा काढून टेबलावर ठेवला. दिसायला सरपणाची ढलपी, हातात घ्यावी तर लोखंडाचे वजन. त्याचा मामा सिरोंच्याकडचा. मामाच्या घरी हा तुकडा दार वाऱ्याने आपटू नये म्हणून ठेवलेला असे. गुरुजी म्हणाले, "अरे, तू दगड आणलास की लाकूड?" मुलगा म्हणाला, "दोन्ही, गुरुजी." वर्ग खो खो हसला, गुरुजीही हसले. त्या वेळी झेंड्याच्या खांबाभोवती ओटा बांधणे चालले होते. तुकडा त्या भरावात गेला.

हसणाऱ्यांत मीही होतो.

वाचकहो, त्या वर्गात खरे उत्तर एकट्या त्या मुलाने दिले होते. ते झाड होते आणि तो दगड होता. कोट्यवधी वर्षांपूर्वी नदीच्या गाळात एक झाड गाडले गेले. वाळूतून झिरपणाऱ्या पाण्यात विरघळलेली गारेची माती, म्हणजे सिलिका, त्याच्या धाग्याधाग्यांत शिरून घट्ट झाली. लाकूड गेले, पण त्याच्या शिरा, त्याचे पीळ, त्याची वळी जशीच्या तशी दगडात राहिली. सिरोंचा तालुक्यात वडधमला वनखात्याने असल्या दगडी झाडांचे उद्यान केले आहे. पुढे मी ते पाहायला गेलो, आणि तेथे उभा असताना माझ्या डोळ्यांपुढे तो ओटा आला. परराज्यातून, परदेशातून माणसे जे पाहायला येतात ते आम्ही भरावात घातले होते, आणि ज्याला ते ओळखता आले त्याला वेड्यात काढले होते.

हा अपघात असता तर मी लेख लिहिला नसता. ही आमची रीत आहे. आमचा चंद्रपूर-गडचिरोलीचा मुलूख 'मागासलेला' म्हणून सरकारी कागदांत नोंदलेला आहे, आणि आम्हीही तो शिक्का मुकाट्याने कपाळावर मिरवतो. आमच्या पायाखाली काय आहे असे कोणी विचारले तर एकच उत्तर येते: खनिज. कोळसा इतका, लोखंड तितके, चुनखडी अमुक. किती टन, आणि टनामागे रुपये किती! घरातल्या जुन्या पोथीची किंमत रद्दीच्या भावाने करावी, त्यातला हा प्रकार आहे. पोथीचा कागद विकून पैसे येतात, हे मी नाकारीत नाही. पण विकण्यापूर्वी ती एकदा वाचावी तरी!

ती पोथी सावलीपासूनच उघडू. सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या पट्ट्यात विहीर खणताना मुरूम संपला की जो काळा-पांढरा, सतरंजीसारखा पट्ट्यापट्ट्यांचा कठीण खडक लागतो, त्याला शास्त्रात पट्टिताश्म म्हणतात. आम्ही त्याची गिट्टी करतो. हा खडक पृथ्वीच्या पोटात खोलवर उष्णतेने आणि दाबाने मळून निघालेला आहे आणि त्याचे वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे आहे. ज्या सह्याद्रीचे पोवाडे आम्ही गातो, त्याचा काळा पाषाण अवघा साडेसहा कोटी वर्षांचा. ज्याला नगाधिराज म्हणतो तो हिमालय तर गेल्या पाच कोटी वर्षांत वर आला. आमच्या गिट्टीपुढे तो पाळण्यातले पोर आहे.

१९३६ साली फेब्रुवारी-मार्चमध्ये गांधी सेवा संघाचे संमेलन याच सावलीला भरले होते. महात्माजी तेथे आले होते. गांधीवाद नावाचे काही नाही, आपण जगाला नवे काही शिकवीत नाही, सत्य आणि अहिंसा डोंगरांइतकी जुनी आहेत, असे त्यांनी त्या संमेलनात सांगितल्याचे 'हरिजन'ने छापले. सावलीत या गोष्टीचा अभिमान पुष्कळांना आहे, आणि असावाच. परंतु डोंगर किती जुने, असे त्यावर एकाही पोराने विचारले नाही, एकाही मास्तराने सांगितले नाही. महात्माजींचे ते वाक्य ज्या भूमीवर उच्चारले गेले ती भूमी अडीचशे कोटी वर्षांची आहे, हे कळले असते तर त्या वाक्याचे वजनही कळले असते.

आता एक आक्षेप येईल. आमचे आजे-पणजे अडाणी होते, त्यांना कोठे भूशास्त्र ठाऊक होते? त्यांचे काही अडले काय? वाचकहो, येथेच आपली मोठी चूक होते. आजे-पणजे अडाणी नव्हते. झाडीपट्टीतले तलाव पाहा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजातल्या जाणत्या माणसांनी गावोगावी तलाव बांधले, बोड्या काढल्या. खाली हा पट्ट्यापट्ट्यांचा खडक आहे, पाणी त्यात फार खोल मुरून जात नाही, उताराच्या तोंडाशी पाळ घातली की ते थांबते आणि खालच्या बांध्यांना पुरते, हे त्यांनी कोणत्या कॉलेजात शिकले होते? त्यांनी जमीन वाचली होती. जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या टेकडीचे नाव लोखंडावरून पडले. एकेकाळी या मुलखात लहान लहान भट्ट्यांत लोखंड गाळले जाई. गाळणाऱ्याला कोणता दगड जड, कोणता फुसका, हे हाताला कळे. तेव्हा दगडाचे अज्ञान ही आमची वडिलोपार्जित मिळकत नव्हे. ती आम्ही पाटी-पेन्सिल हातात आल्यानंतर, स्वकष्टाने मिळविलेली आहे.

पुढचे पान पश्चिमेला, वर्धा नदीच्या काठाने आहे. घुग्गुस, बल्लारपूर, माजरी येथला कोळसा सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या अरण्याचा आहे. चंद्रपूरच्या वीजकेंद्रात तो जळतो आणि महाराष्ट्रभर दिवे लागतात. आज रात्री तुमच्या अंगणातल्या आकाशकंदिलात जो दिवा आहे, त्यात त्या अरण्यावर पडलेले ऊन असण्याचा पुष्कळ संभव आहे. त्या अरण्यात जिभेच्या आकाराच्या पानांची एक झाडे होती. त्यांचे शास्त्रीय नाव ग्लॉसॉप्टेरिस. नागपूरजवळच्या कामठीच्या वालुकाश्मात ही पाने छापल्यासारखी उमटलेली सापडतात. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश पाद्र्याने ती गेल्याच्या आधीच्या शतकात गोळा केली. धर्मप्रसारासाठी आलेला हा मनुष्य दगडांच्या नादी लागला आणि १८६३ मध्ये टाकळघाटाजवळची जुनी शिळावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात बुडून मेला.

याच पानांची दुसरी एक हकीकत ऐका. १९१२ साली कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती दक्षिण ध्रुवावरून परतत होते. अन्न संपत आलेले, पाय हिमाने सडलेले, मरण समोर. ओझे कमी करण्यासाठी काय काय टाकता येईल ते त्यांनी टाकले. पण सुमारे ३५ पौंड दगड त्यांनी घसरगाडीवरून शेवटपर्यंत ओढत नेले. शोध घेणाऱ्यांना नोव्हेंबरमध्ये त्यांची प्रेते सापडली, तेव्हा ते दगडही जवळच सापडले. त्या दगडांत हेच जिभेसारखे पान होते. आमच्या कामठीचे पान ध्रुवाच्या बर्फात! म्हणजे एके काळी भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि तो बर्फाचा खंड हे सारे एकच भूमी होते, याचा तो साक्षीपुरावा. मरणाऱ्या माणसांनी जो दगड सोडला नाही, त्याच्या भावंडाला आम्ही ओट्याच्या भरावात घातले. आता सांगा, दगड कोणाला म्हणायचे?

आणि त्या एकसंध भूमीचे नाव काय ठेवले गेले? गोंडवन. आमच्या गोंडांच्या देशाचे नाव. येथल्या खडकांना ते भारतात काम करणाऱ्या भूशास्त्रज्ञांनी दिले, आणि १८८५ मध्ये एडुआर्ड झ्यूस या ऑस्ट्रियन पंडिताने त्यावरून साऱ्या दक्षिण खंडाला गोंडवनभूमी म्हटले. अर्जेंटिनातला विद्यार्थी हे नाव घोकतो, ऑस्ट्रेलियातला घोकतो. आमच्या आश्रमशाळेत शिकणाऱ्या गोंड पोराला मात्र आपल्या आजोबांच्या राज्याचे नाव पृथ्वीच्या निम्म्या अंगावर कोरले आहे, हे बहुधा कोणी सांगत नाही. त्याला आपण सांगतो, की तू मागासलेला आहेस.

तिसरे पान मला सर्वांत प्रिय आहे, कारण ते आमच्या ताटात येते. वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचे गाव आहे. तेथल्या शेतांतून डायनोसॉरांची हाडे निघतात आणि त्यांची दगड झालेली विष्ठाही निघते. हसू नका; एकदा हसून मी पस्तावलो आहे. त्या विष्ठेचे बारीक तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली 'सायन्स' या पत्रात जाहीर केले, की त्यात गवताचे सिलिकामय कण आहेत. तोवर शास्त्रज्ञ समजत होते, की डायनोसॉर गेले आणि मग गवत पसरले. पिसदुऱ्याने ती समजूत मोडली. २०११ मध्ये त्यांनी पुढचा शोध छापला: त्या गवतांत धानाच्या कुळातले गवतही होते. सावलीचा शेतकरी चिखलात वाकून रोवणी करतो, त्या पिकाच्या कुळाचा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा दाखला त्याच्याच जिल्ह्यात, शेतातल्या ढेकळांत पडलेला होता. हे आमच्या किती शेतकऱ्यांना ठाऊक आहे? जगाची पुस्तके आमच्या जिल्ह्यातल्या दगडाने बदलली आणि आमच्या घरी त्याची बातमी पोचली नाही.

येथवर कोणी म्हणेल, की ही सारी मौजेची माहिती झाली. ती कळली नाही म्हणून कोणाचे काय बुडाले? तर आता जे बुडते ते सांगतो.

४ डिसेंबर २०२४, बुधवार. सकाळी साडेसातच्या सुमारास मी चहा घेत होतो. फळीवरची भांडी आपसात बोलू लागली, दाराची कडी वाजली, पायाखाली काहीतरी सरकल्यासारखे झाले. तेलंगणात मुलुगूजवळ ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला होता आणि त्याचा हादरा गडचिरोली-चंद्रपूरपर्यंत आला होता. आमच्या गल्लीत काय झाले? कोणी म्हणाले, खाणीत सुरुंग उडाला. कोणी म्हणाले, देवाचा कोप. दुपारपर्यंत मोबाइलवर संदेश फिरू लागला की रात्री बारा वाजता मोठा धक्का येणार. भूकंपाची वेळ आधी सांगू शकेल असा मनुष्य जगात अजून जन्मला नाही, पण त्या संदेशावर विश्वास ठेवून पदवीधर माणसे अंथरुणे घेऊन अंगणात निजली. आणि दुसऱ्या दिवशी काही झाले नाही म्हणून सगळे विसरून गेली. दोन्ही वेळा चूकच केली. रात्री भ्याले ती चूक, आणि सकाळी विसरले ती त्याहून मोठी.

कारण तो हादरा आभाळातून पडला नव्हता. प्राणहिता आणि गोदावरी यांच्या खोऱ्यात जमिनीला एक फार जुनी भेग आहे. दोन्ही अंगांना खडक तुटून मधली पट्टी खचली. त्या खोलगट पट्टीत नद्यांनी वाळू आणून टाकली, अरण्ये गाडली गेली, त्यांचा कोळसा झाला. पुढे त्याच पट्टीतल्या गाळात वडधमची झाडे दगड झाली, आणि डायनोसॉर पुरले गेले. कोळसा, दगडी झाडे, राक्षसी हाडे ही सारी त्या एका भेगेची देणगी आहे. भेग अजून बुजलेली नाही. भारताची भूमी उत्तरेला हिमालयाशी रेटा देते आहे. तो ताण जुन्या कमजोर जागी अधूनमधून मोकळा होतो. १९६९ मध्ये भद्राचलमला तो झाला, २०२४ मध्ये मुलुगूला. जो आपले दगड ओळखतो त्याला हे नवल वाटत नाही. तो घाबरून अंगणात निजण्याऐवजी आपल्या घराच्या भिंती तपासतो.

न तपासल्याचे फळ महाराष्ट्राने भोगले आहे. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट. किल्लारी आणि भोवतालची गावे झोपेत होती. त्या वेळच्या नकाशात तो प्रदेश भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याचा म्हणून रंगविलेला. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, तेथे धक्के बसले होते. ते येऊन गेले, विसरले गेले. मातीत बसविलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी ती घरे क्षणात खाली आली. सुमारे दहा हजार माणसे गेली. १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने शिकवायला हवे होते ते आम्ही शिकलो नव्हतो. त्या माणसांना भूकंपाने मारले असे म्हणतात. मी म्हणतो, घराने मारले, आणि घर कसे बांधावे हे न सांगणाऱ्या आमच्या शिक्षणाने मारले. कोपऱ्यात दगड एकमेकांत गुंफा, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड मधूनमधून घाला, दाराच्या वर चारी भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा फिरवा, छप्पर हलके करा; चार ओळींत लिहिता येईल एवढी ही विद्या आहे. ती सातवीच्या मुलाला कळेल. पण सातवीच्या मुलाला आपण खडकांचे तीन प्रकार पाठ करायला लावतो आणि शाळेच्या पायरीचा दगड त्यांपैकी कोणता, हे विचारत नाही.

"हे सरकारने करावे," असे म्हणणारे मित्र मला फार आहेत. सरकारने जे करायचे ते त्याने करावेच. पण तुमच्या पोराच्या हातातला दगड सरकारने फेकला नाही. "यात करिअर नाही," असे पालक म्हणतात. नवल आहे! जिल्ह्यातल्या खाणींत हजारो माणसे राबतात, एटापल्लीच्या सुरजागडावरून लोहखनिजाच्या गाड्या रात्रंदिवस धावतात, आणि दगड ओळखणारा अधिकारी मात्र बाहेरून यावा लागतो. आमच्या वाट्याला ट्रकचे चाक येते. त्या सुरजागडाचा दगड तरी काय आहे? पृथ्वीच्या समुद्रांत सूक्ष्म जीवांनी पहिल्यांदा प्राणवायू सोडला, तेव्हा पाण्यातले लोखंड गंजून थराथराने तळाशी बसले. जगातले असले पट्टेदार लोहखडक बहुतेक तसे झाले. तेथला माडिया तो डोंगर देव मानतो. खाण असावी की नसावी, हा वाद मी आज घालीत नाही. पण त्या डोंगरात टनांखेरीज काही दिसत नाही अशा माणसापेक्षा त्याला हात जोडणारा माडिया मला सत्याच्या अधिक जवळ वाटतो.

आणि जे सापडते ते जाते कोठे? प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, पोचमपल्लीजवळ, भारतीय सांख्यिकी संस्थेच्या माणसांनी १९६० च्या आगेमागे एका राक्षसी सरड्याची सुमारे ३०० हाडे खणून काढली. १९७५ मध्ये त्याचे बारसे झाले: बारापासॉरस टागोरी, रवींद्रनाथांच्या नावाने. त्याचा सांगाडा कलकत्त्याला उभा आहे. ज्यांनी कष्ट केले त्यांनी तो जपला. त्यांना मी नमस्कार करतो. माझा राग आमच्यावर आहे. आम्ही त्या सांगाड्याचा एक साधा चित्रफलक तरी आपल्या तालुक्यात लावला काय?

मी फार मागत नाही. प्रत्येक तालुक्यात एक खोली, शाळेची पडकी खोलीही चालेल. तिच्यात दगड, आणि दगडाजवळ चिठ्ठी: कोठे मिळाला, किती खोल, कोणी आणला. विहीर खणली, रस्ता कापला, खाण उघडली, तर त्यातला एकेक तुकडा त्या खोलीत यावा. वडधमसारख्या राखलेल्या जागेतून मात्र काडीही उचलू नये. दगड जागचा हलला आणि जागेची नोंद गेली, की तो खरोखरीच मुका होतो. आणि दर वर्षी सहलीची एक गाडी देवस्थानाऐवजी वडधमला जावी. एवढे झाले तर दहा वर्षांत या मुलखातून दगड ओळखणारी दहा माणसे निघतील, आणि शंभर घरे नीट बांधली जातील.

भाऊबीज झाली की आमच्याकडे मंडया भरतील, नाटकांचे मांडव पडतील. तो मुलगा, दगड आणि लाकूड दोन्ही आणणारा, आता मोठा झाला आहे. ट्रक चालवतो, त्यात गिट्टी असते. मंडईला तो गावी येतो. या वर्षी मी त्याला गाठून त्या दिवशीच्या हसण्याची माफी मागणार आहे. त्याच्या मामाकडे तसलाच आणखी एक तुकडा दाराशी आहे म्हणे. तो तेथेच राहू दे. आम्ही दोघे जाऊन त्याला फक्त चिठ्ठी लावू: हे झाड होते, आता दगड आहे. ओळखणाऱ्याचे नाव खाली त्याचेच लिहीन.